बोरीबंदरच्या भिंतीवरचे नाना

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा आमच्या इतिहास विभागाची सहल मुंबईला न्यायची ठरली आहे. बोरीबंदरची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत आणि तिच्यातले रेल्वेचे छोटेसे वारसा संग्रहालय पाहायचे, असा बेत आहे. रात्री सांगलीला महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, दिवसभर पाहायचे आणि रात्री त्याच गाडीने परत फिरायचे. म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. संग्रहालय कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक वेळच दाखवतात, म्हणून वार कोणता धरायचा आणि सकाळी कुठे जायचे यावर वर्गात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी सरांनी एक अट घातली. नुसती जुनी इंजिने बघून आणि भेळ खाऊन परत यायचे असेल तर सहल काढायलाच नको. प्रत्येकाने जाण्यापूर्वी रेल्वेशी संबंध आलेल्या एका व्यक्तीचे चरित्र लिहून आणायचे. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या हाती जी चिठ्ठी आली तिच्यावर नाव होते, नाना शंकरशेट.

खरे सांगायचे तर नानांविषयी मला फारसे काही ठाऊक नव्हते. मुंबईत नाना चौक आहे आणि संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे, एवढेच कानावर होते. त्यातून माझ्यापुढे आणखी एक अडचण होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत गँगमन होते. १९७० च्या आसपास पुणे-मिरज लहान लाइनची मोठी लाइन झाली तेव्हा ते खडी टाकायला रोजंदारीवर लागले आणि पुढे कायम झाले. जन्मभर रुळांवर चालूनही त्यांनी मुंबई पाहिली नाही. वडील शेतमजुरी करतात. पोरीने रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे हे त्यांच्या मनाला पटेना. सहलीचे संमतीपत्र सहीवाचून देवळीत पडून राहिले. म्हटले, सहल होवो न होवो, चरित्र तर लिहून काढू.

वाचकहो, हे चरित्र असे लिहिले गेले.

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे, दैवज्ञ समाजातील एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांनी मुलाला घरीच शिक्षक ठेवून इंग्रजी व संस्कृत शिकवले. १८२२ साली वडीलही वारले आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या नानांवर सारा कारभार येऊन पडला. आज माझे वय तेवढेच आहे. आम्ही या वयात परीक्षेचा फॉर्म भरतानासुद्धा दोनदा विचारतो; नानांना मात्र पेढी सांभाळायची होती. त्यांनी ती अशी सांभाळली की, अरब आणि अफगाण व्यापारीदेखील आपली ठेव बँकेत ठेवण्याऐवजी त्यांच्याकडे ठेवीत. पैसा पुष्कळांकडे असतो, पण परमुलखातला माणूस ज्याच्याकडे आपली थैली उघडी टाकून जातो असा विश्वास थोड्यांच्या वाट्याला येतो. नानांच्या पुढच्या साऱ्या कामाला हाच विश्वास भांडवल म्हणून उपयोगी पडला.

वडील गेले त्याच सुमारास गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत देशी मुलांसाठी शाळा काढणारी आणि शालेय पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली होती. तरुण नाना त्या कामात पडले आणि शिक्षणाची ही गोडी त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, यांपैकी बहुतेक ठिकाणी नानांचा पैसा, वेळ किंवा सल्ला लागलेला दिसतो. सतीची चाल बंद करण्याच्या बाजूनेही ते उभे राहिले होते.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी केलेल्या एका भांडणाची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. १८४० नंतरच्या काळात मुंबई इलाख्याचे शिक्षण एका बोर्डाच्या हाती होते आणि नाना त्याचे सभासद होते. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि सरकारी पैसा मूठभर लोकांना नीट शिकवण्यावर खर्च व्हावा. नानांनी याला विरोध केला. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा हे दोन हिंदी सभासद आणि कर्नल जर्विस हेही त्यांच्या बाजूला होते. नानांचे म्हणणे असे होते की, इंग्रजी ज्याला हवी त्याने अवश्य शिकावी, पण देशातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच पोचेल. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या माणसाने हे म्हणावे यातच त्याचे मोल आहे. मी पहिलीपासून बारावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या शाळेत मराठीतूनच शिकले. त्या वेळी दार इंग्रजीचेच ठेवले असते तर माझ्यासारखीला ते उघडता आले असते का, हा प्रश्न माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातली, याचा आपल्याकडच्या प्रत्येकाला अभिमान आहे. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी एक सभा स्थापन केली आणि लवकरच मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. तरुणांजवळ उत्साह होता, पण मुलींना बसायला जागा कोण देणार? आपली मुलगी शिकायला धाडणेच जिथे लोकांना पाप वाटे, तिथे आपल्या दारात शाळा भरवू देणे म्हणजे निंदेला आमंत्रणच. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. शेटजींच्या वाड्यात जाणारी मुलगी वाईट मार्गाला लागते असे म्हणायला कोणाची जीभ सहजासहजी रेटणार नव्हती. नानांनी नुसती खोली दिली नाही, त्या मुलींच्या मागे आपली अब्रू उभी केली.

आता आगगाडीकडे वळू. विलायतेत आगगाडी सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. मुंबईहून ठाण्याकडे आणि पुढे घाटावर लोहमार्ग न्यावा ही कल्पना १८४३-४४ च्या सुमारास बोलली जाऊ लागली. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईला यायचा. पावसाळ्यात वाट बंद. माल भिजायचा, जनावरे मरायची. १८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी रेल्वेसाठी मुंबईत मंडळी उभी केली. पुढे १८४९ साली लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायद्याने स्थापन झाली. तिच्या दहा संचालकांत हिंदी दोनच होते, नाना आणि जमशेटजी. कंपनीला मुंबईत कचेरी हवी होती. सुरुवातीला तीही नानांच्या वाड्यातच थाटली गेली. मुलींची शाळा आणि रेल्वेची कचेरी, दोन्हींना एकाच घराने आसरा दिला, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

गंमत बाजूला ठेवली तरी यात एक अर्थ आहे. वाफेवर चालणाऱ्या या लोखंडी गाडीची त्या काळी लोकांना धास्ती होती. कोणी तिला राक्षस म्हणे, कोणी चेटूक. शिवाय गाडीत कोणाच्या शेजारी कोण बसेल याचा भरवसा नाही, त्यामुळे सोवळ्याओवळ्याची धास्ती वेगळीच. अशा वेळी साहेबाने कितीही समजावले तरी लोक ऐकते ना. पण ज्याच्याकडे आपली ठेव ठेवली आहे तो नानाशेट त्या कंपनीत आहे म्हटल्यावर माणसाच्या मनातला संशय निम्मा होतो. इंजिन विलायतेहून आले, पण गाडीवरचा विश्वास इथल्याच मातीत तयार व्हावा लागला. तो तयार करणे हेच मला नानांचे खरे काम वाटते.

१६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडली होती. एकवीस तोफांची सलामी झाली. अंतर एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. त्या गाडीत नानाही बसले होते.

याच वर्षाची आणखी एक आठवण सांगलीकरांनी विसरता कामा नये. मुंबईत ग्रँट रोडला नानांच्या जागेवर त्यांनीच उभारलेले एक नाट्यगृह होते. आपले विष्णुदास भावे, ज्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले, ते आपली मंडळी घेऊन मुंबईला गेले आणि १८५३ च्या मार्च महिन्यात याच ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केला. मार्चमध्ये सांगलीचे नाटक आणि एप्रिलमध्ये पहिली आगगाडी! त्या वेळी भाव्यांच्या मंडळींना सांगलीहून मुंबईपर्यंत जायला आगगाडी कुठली? आज आम्ही तोच पल्ला एका रात्रीत झोपेत पार करतो.

नाना सरकारच्या मर्जीतले होते, पण सरकारचे नुसते होयबा नव्हते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली. त्या सभेचे अध्यक्षस्थान नानांकडे होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे तरुण त्यांच्या बरोबर होते. या संस्थेने हिंदी लोकांची गाऱ्हाणी थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे अर्जाने मांडली. काँग्रेसच्या स्थापनेपूर्वी तेहतीस वर्षे झालेली ही गोष्ट आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी तर खुद्द नानांवरच संशय घेतला गेला. चौकशीत काही निघाले नाही. पण ज्या राज्यात त्यांनी इतकी वर्षे काम केले त्याच राज्याने आपल्याकडे वाकड्या नजरेने पाहावे, याचे दुःख त्यांना झाले नसेल असे कसे म्हणावे? तरीही त्यांनी हाती घेतलेली कामे टाकली नाहीत. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत त्यांचे नाव होते. भायखळ्याची राणीची बाग आणि तिथले वस्तुसंग्रहालय, जे आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

त्यांच्या डोळ्यांदेखत रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली आणि १८६३ साली बोरघाट चढून मुंबई-पुणे मार्ग जोडला गेला. ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे इतकी मानाची झाली की, मॅट्रिकला ती मिळाली म्हणजे मुलाचे नाव गावोगाव होई. १९१२ साली ती मिळवणारा एक विद्यार्थी पुढे देशाचा अर्थमंत्री झाला. ते म्हणजे चिंतामणराव देशमुख.

इथवर लिहून मी लेख पुरा झाला असे समजले आणि एका संध्याकाळी घरी तो मोठ्याने वाचून दाखवला. वडील दाराशी बसून ऐकत होते. आई भाकरी थापत होती. आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. बोरीबंदरच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे दगडात कोरलेले आहेत आणि त्यांत नानांचाही चेहरा आहे, असे मी शेवटी वाचले. इमारत पुरी झाली १८८८ साली, म्हणजे नाना जाऊन तेवीस वर्षांनी. तरी कंपनी त्यांना विसरली नाही, असे मी अभिमानाने म्हटले. आबांनी डोळे उघडले आणि एकच विचारले. त्या भिंतीवर खडी फोडणाऱ्याचा चेहरा आहे का?

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ग्रंथालयात गेले. बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ असे सात वर्षे चालले. पंचवीस बोगदे खोदले. ऐन भरात एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर तिथे राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कोसळणारे दगड यांनी हजारो माणसे मेली. त्यांची नावे कुठे नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीत ॲलिस ट्रेडवेल ही बाई आली आहे. घाटाचा कंत्राटदार असलेला तिचा नवरा १८५९ साली मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा तिने कंत्राट स्वतःकडे घेऊन काम चालू ठेवले. तिचे नाव तरी राहिले. पाट्या वाहणाऱ्या आमच्या बायांचे तेही राहिले नाही.

आणखी एक गोष्ट कळली. रेल्वेत पैसा घालणाऱ्या विलायती भागीदारांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. फायदा कमी पडला तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. मुलींच्या शाळा चालवणारे तेच दादाभाई पुढे या देशातून पैसा कसा वाहून जातो याचा हिशेब मांडत बसले. तेव्हा रेल्वे ही काही साहेबाने केलेली कृपा नव्हती आणि नानांचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे. कापूस बंदरात नेण्यासाठी ती आली. पण एकदा रूळ पडल्यावर त्यावरून फक्त कापूसच गेला नाही. वारकरी गेले, गिरणीत कामाला माणसे गेली, शिकायला पोरे गेली. नानांनी ही गोष्ट ओळखली होती की नव्हती, हे सांगणे कठीण. पण ज्याने आपल्याच वाड्यात एका बाजूला रेल्वेची कचेरी आणि दुसऱ्या बाजूला मुलींची शाळा ठेवली, त्याला दार उघडले की कोणकोण आत येते याची भीती वाटत नव्हती एवढे नक्की.

हे सगळे लेखात घालून मी तो आबांना पुन्हा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी वडिलांना जवळ बोलावले आणि किर्लोस्करवाडीपासून भिलवडीपर्यंत आपण कुठे कुठे खडी टाकली ते नेहमीसारखे सांगत बसले. हे आम्ही शंभरदा ऐकले आहे. पण या वेळी शेवटी म्हणाले की, एवढी लाइन आपण टाकली आणि आपल्याच पोरीने तिच्यावरून जायचे नाही, हे कुठले शहाणपण?

वडिलांनी देवळीतले संमतीपत्र काढले. सहीला वेळ लागला, कारण त्यांना नावापुरतेच लिहिता येते. वर्गणी दोन हप्त्यांत भरायची सवलत सरांनी दिली आहे. आईने डब्यासाठी दशम्या करायचे आतापासून ठरवले आहे.

आता सहलीचा बेत असा आहे. सकाळी उतरल्याबरोबर स्टेशनातून घाईने बाहेर न पडता समोरच्या रस्त्यापलीकडे उभे राहायचे आणि मान वर करून भिंतीवरचा नानांचा चेहरा शोधायचा. मग राणीच्या बागेजवळचे भाऊ दाजी संग्रहालय. दुपारी रेल्वेचे वारसा संग्रहालय, आणि वेळ उरला तर स्टेशनालगतच्या हेरिटेज गल्लीत मांडलेली जुनी इंजिने. मात्र जाताना पहाटेच्या अंधारात खंडाळ्याच्या घाटात मी जागी राहणार आहे. गाडी बोगद्यात शिरेल तेव्हा ज्यांचा चेहरा कुठल्याच भिंतीवर नाही त्यांची आठवण काढायची, असे आबांना कबूल केले आहे.

नानांना वंदन करून आणि त्या अनाम हातांनाही वंदन करून हा लेख इथेच पुरा करते.